इंजिन जास्त आरपीएमला फिरवायचंय? मग तयारी खालून करा, लिमिटर सगळ्यात शेवटी

माझ्याकडे येणारा दर दुसरा पोरगा हेच विचारतो, दादा जुन्या स्विफ्टचा लिमिटर उठवायचाय, किती खर्च येईल? मी आधी उलटं विचारतो, रॉडचे (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट कधी बदललेस? आणि तिथेच गप्प बसतो तो. कारण लिमिटर म्हणजे इंजिनाला ठराविक आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ठराविक फेऱ्यांच्या, वर जाऊ न देणारी मर्यादा, आणि ती उठवणं म्हणजे लॅपटॉपवर एक आकडा बदलणं, पाच मिनिटांचं काम, पण त्या आकड्याच्या खाली जे लोखंड आणि ॲल्युमिनियम फिरतंय त्याला कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय, ज्या क्रमाने मी आता काम करतो त्याच क्रमाने.

हा क्रम मला एक इंजिन फुटल्यावर कळला. एस्टीमचं इंजिन होतं, हेडचं, म्हणजे सिलेंडरवरच्या व्हॉल्व्हवाल्या भागाचं, काम केलेलं, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदललेला, आवाज असा की अंगावर काटा यायचा, आणि लिमिटर मी ७४०० वर नेला होता. खालचा भाग मात्र उघडलाच नव्हता, कारण कॉम्प्रेशन चांगलं होतं आणि ज्या मिस्त्रीने आधी इंजिन बांधलं होतं तो म्हणाला खाली काही बघायची गरज नाही, सगळं टाइट आहे. ट्रॅकवर दुसऱ्याच सेशनमध्ये सरळ रस्त्यावर एकदम खाडकन आवाज, मग धूर, मग आरशात ऑइलचा पट्टा. तिसऱ्या सिलेंडरच्या रॉडचा बोल्ट तुटला होता आणि रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला होता. गरम एक्झॉस्टवर ऑइल पडून आग लागली ती मार्शलने विझवली, मागून येणारा गाडीवाला त्या ऑइलवर घसरला आणि थोडक्यात वाचला. इंजिन गेल्याचं दुःख महिन्याभरात विसरलो, तो घसरणारा माणूस अजून विसरलेलो नाही. नंतर इंजिन खोललं तर तुटलेल्या बोल्टवर आट्यांच्या जवळ मान बारीक झालेली स्पष्ट दिसत होती, म्हणजे तो आधीच ताणला गेलेला जुना बोल्ट होता, तोच परत अंदाजाने आवळलेला.

आता आधी कायद्याचं बोलतो, कारण ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इन्शुरन्सवाले क्लेम नाकारतील ते वेगळंच. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते ट्रॅकवर किंवा रॅलीत पळणाऱ्या गाडीसाठी आहे, जी ट्रेलरवरून जाते, ट्रेलरवरून येते. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ही त्याची जागा. पुणे-बंगलोर हायवे किंवा कात्रजचा बोगदा ही जागा नाही. रोज ऑफिसला जायची गाडी असेल तर सर्व्हिस नीट करा, टायर चांगले घाला आणि हा नाद सोडा.

उदाहरणासाठी मी मारुतीचं १.३ लिटरचं जी१३बीबी घेतो, कारण आपल्याकडे हेच इंजिन सगळ्यात जास्त हातांनी उघडलंय. एस्टीम, जिप्सी किंग आणि २००५ ला आलेली पहिली स्विफ्ट पेट्रोल, सगळीकडे हेच. १२९८ सीसी, बोअर (सिलेंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५.५ मिमी, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, १६ व्हॉल्व्ह, वर एकच कॅम. स्विफ्टमध्ये ८७ बीएचपी ६००० आरपीएमला आणि ११३ न्यूटन मीटर टॉर्क ४५०० ला. बोअर आणि स्ट्रोक जवळजवळ सारखे असल्यामुळे हे इंजिन मुळातच फिरायला तयार असतं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सुटे पार्ट मिळतात, कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचं मशिनिंग करणारे हात मिळतात. तुमचं इंजिन दुसरं असेल तरी हिशोब हाच, फक्त आकडे तुमच्या मॅन्युअलमधून घ्या.

पहिला प्रश्न, जास्त आरपीएम हवाय कशाला? हा प्रश्न कुणी विचारत नाही. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, बीएचपी काढायला न्यूटन मीटरला आरपीएमने गुणा आणि साधारण ७१२० ने भागा. ६००० ला ८७ बीएचपी म्हणजे तिथे टॉर्क उरलाय १०३ च्या आसपास, म्हणजे ४५०० च्या ११३ वरून तो उतरणीला लागलेलाच आहे. आता नुसता लिमिटर उठवून तुम्ही ७५०० ला गेलात आणि तिथे टॉर्क समजा ७५ वर आला, तर पॉवर झाली ७९. म्हणजे दीड हजार आरपीएम जास्त फिरवून ८ बीएचपी कमी! आवाज वाढला, धोका वाढला, गाडी हळू झाली. याउलट हेड आणि कॅमचं काम करून ७००० ला ९५ न्यूटन मीटर टिकवलं तर ९३ बीएचपी मिळते, आणि दुसरा फायदा म्हणजे कोपऱ्यातून बाहेर पडताना खालचा गिअर जरा जास्त वेळ धरता येतो, ट्रॅकवर खरी कमाई तिथेच असते. म्हणजे इंजिनला वर श्वास घेता आला पाहिजे, नाहीतर फिरवून काही उपयोग नाही.

दुसरा हिशोब ताणाचा, आणि हा मनात पक्का बसवून घ्या. पिस्टन वर गेला की थांबतो आणि लगेच खाली ओढला जातो, ही ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. स्टॉक, म्हणजे कंपनीची मूळ, हद्द ६५०० धरू. ७२०० म्हणजे आरपीएम ११ टक्क्यांनी वाढला पण ओढ वाढली २३ टक्क्यांनी. ७५०० ला ३३ टक्के. ६५०० ला देखील स्ट्रोकच्या वरच्या टोकाला पिस्टनवर गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजार पटीहून जास्त त्वरण असतं, म्हणजे अर्ध्या किलोचा पिस्टन-पिन तिथे टनभर वजनासारखा रॉडला ओढतो, सेकंदाला शंभराहून जास्त वेळा. आणि सगळ्यात वाईट क्षण कुठला, तर एक्झॉस्ट स्ट्रोक संपतानाचा, कारण त्या वेळी वरून दाबायला जळता गॅस नसतो आणि सगळी ओढ सरळ रॉडच्या दोन बोल्टवर येते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर पण आरपीएम वर असेल तर हीच ओढ असते, म्हणून कितीतरी इंजिनं फुल रेसमध्ये नाही तर पाय काढल्यावर फुटतात.

पिस्टनचा सरासरी वेग पण काढून ठेवा, स्ट्रोक मीटरमध्ये गुणिले दोन गुणिले आरपीएम भागिले साठ. आपल्या ७५.५ मिमीला ६५०० ला १६.४ मीटर प्रति सेकंद येतो, ७२०० ला १८.१, ८००० ला २०.१. होंडाचं १९८९ चं बी१६ए इंजिन ७७.४ मिमी स्ट्रोकवर ८००० ला फिरायचं म्हणजे २०.६, आणि एस२००० वालं ८४ मिमीवर ९००० ला म्हणजे २५.२. हे बघून काही जण म्हणतात बघा आपण तर किती खाली आहोत. अहो पण ती इंजिनं क्रँकपासून व्हॉल्व्ह स्प्रिंगपर्यंत त्याच आरपीएमसाठी घडवलेली आहेत, आपलं बाजारहाटासाठी घडवलेलं आहे. स्टॉक क्रँक आणि स्टॉक रॉडवर मी ७२०० च्या वर जात नाही, आणि ह्या लेखात लक्ष्य पण तेच धरतोय. त्याच्या वर फोर्ज्ड रॉड, फोर्ज्ड पिस्टन लागतात, तो वेगळा खर्च आणि वेगळा विषय.

आता कामाला लागू. इंजिन उतरवण्याआधी ते आहे कसं ते मोजा. चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन घ्या, इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि चारांमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. जमलं तर लीक-डाउन टेस्ट पण करा, त्यात सिलेंडरमध्ये दाबाने भरलेली हवा कुठून जातेय ते कानाला कळतं, सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. गरम इंजिनावर ऑइल प्रेशर साध्या मेकॅनिकल गेजने बघा, डॅशबोर्डचा लाल दिवा हा गेज नव्हे, तो लागतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. आणि एकदा डायनोवर, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या मशीनवर, गाडी चालवून ग्राफ काढून ठेवा, नाहीतर नंतर काय वाढलं काय घटलं ते नुसतं आवाजावरून सांगत बसाल.

मग खालचा भाग पूर्ण खोला. सगळ्यात पहिले रॉड बोल्ट. जुने बोल्ट कितीही चांगले दिसले तरी परत वापरायचे नाहीत, हा माझा नियम आहे आणि ह्यात मी कुणाचं ऐकत नाही. एआरपी कंपनीसारखे चांगले बोल्ट तुमच्या रॉडसाठी मिळाले तर तेच घ्या, पण एक गोष्ट लक्षात ठेवा, वेगळ्या बोल्टची आवळण्याची ताकद वेगळी असते त्यामुळे रॉडच्या मोठ्या डोळ्याचा, म्हणजे क्रँकवर बसणाऱ्या भोकाचा, गोलपणा बिघडतो, म्हणून नवे बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळून मोठा डोळा परत होन करून, म्हणजे आतून घासून गोल करून, घ्यावा लागतो. हे न करता बोल्ट नुसते बदलले तर बेअरिंग खाल्लं जाईल. आवळताना टॉर्क रेंच पाहिजेच, आणि आट्यांना बोल्टवाल्याने सांगितलेलंच लुब्रिकंट, कारण कोरड्या आट्यांवर पाना क्लिक होतो पण बोल्ट पुरेसा ताणलेला नसतो. बोल्टची लांबी आवळण्याआधी आणि नंतर मायक्रोमीटरने मोजली तर त्याहून उत्तम, मी प्रत्येक बोल्टचा आकडा वहीत लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी खोलल्यावर परत मोजतो. एकाची जरी लांबी वाढलेली राहिली तरी आख्खा सेट बदलायचा.

रॉड स्वतः क्रॅक टेस्टला पाठवा, मॅग्नेटिक टेस्टिंग आपल्याकडे औद्योगिक वसाहतींमध्ये बऱ्याच ठिकाणी होतं आणि फार महाग नाही. रॉड सरळ आहेत का ते पण तपासा. मग वजन, चारही रॉड एका ग्रॅमच्या आत आणा, आणि नुसतं एकूण वजन नाही तर मोठं टोक वेगळं आणि छोटं टोक वेगळं तोलायचं. पिस्टन-पिनचं पण तसंच. त्यानंतर क्रँक, पुढची पुली, फ्लायव्हील (क्रँकच्या मागचं जड चाक) आणि क्लचची प्रेशर प्लेट हे सगळं एकत्र डायनॅमिक बॅलन्सिंगला. प्रेशर प्लेटवर खूण करून ठेवा म्हणजे परत बसवताना त्याच कोनात बसेल, नाहीतर बॅलन्सिंगचे पैसे पाण्यात. पुढच्या पुलीत रबर असेल तर ते बघा, तडे गेले असतील किंवा बाहेरची रिंग सरकली असेल तर नवीन घ्या, आणि हलकी म्हणून ॲल्युमिनियमची बिनरबराची पुली लावू नका, ते रबर क्रँकची पिळवटणारी थरथर खातं.

बेअरिंग नवीन, आणि क्लिअरन्स, म्हणजे मधली फट, प्रत्यक्ष मोजून. जुना ठोकताळा असा की जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागाच्या, दर इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे जर्नल पावणेदोन इंचाचा असेल तर पावणेदोन थाऊ, ०.०४४ मिमीच्या आसपास. मॅन्युअलच्या मर्यादेतच राहा पण जास्त आरपीएमसाठी त्या मर्यादेच्या मोकळ्या बाजूला. प्लास्टिगेज, म्हणजे दबून फट दाखवणारी प्लास्टिकची बारीक दोरी, लावून प्रत्येक जर्नलवर बघा, एकावर बघून बाकीचे सारखेच असतील असं धरू नका. लेथवाल्याने दिलेल्या चिठ्ठीवरचा आकडा पण स्वतः मोजून घ्या, तो चांगला माणूस असला तरी.

पिस्टन आणि रिंगांबद्दल थोडक्यात. आरपीएम वाढला की वरच्या टोकाला रिंग खाचेत उचलली जाते आणि फडफडते, मग गॅस खाली क्रँककेसमध्ये जातो. हलकी बारीक रिंग हे जास्त सहन करते. खाच झिजलेली असेल तर पिस्टन बदला, नवीन रिंग जुन्या सैल खाचेत घालून काही होत नाही. रिंग गॅप प्रत्येक सिलेंडरमध्ये घालून फीलर गेजने मोजा.

फ्लायव्हीलबद्दल मात्र जरा थांबून सांगतो कारण इथे माणसं जखमी होतात. फ्लायव्हील हलकं केलं की इंजिन पटकन फिरतं हे खरं, आणि म्हणून लोक बिडाचं स्टॉक फ्लायव्हील लेथवर लावून जिथून जमेल तिथून कापतात. बीड हा ओढ सहन करणारा धातू नाही. पातळ केलेलं बिडाचं फ्लायव्हील, वर क्लचच्या उष्णतेने आलेले बारीक तडे, आणि ७००० आरपीएम, हे फुटलं तर बेलहाउसिंग, म्हणजे क्लचवरचं आवरण, फोडून तुमच्या पायापर्यंत येतं. हलकं हवं असेल तर स्टीलचं, घन बिलेटमधून (अखंड ठोकळ्यातून) केलेलं घ्या, किंवा स्टॉकच ठेवा, स्टॉक ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. क्लच प्लेटला पण आरपीएमची मर्यादा असते, लायनिंग सुटून उडतं, त्यामुळे सीएसटी रोडची वापरलेली प्लेट इथे नको. आणि डायनोवर किंवा गॅरेजमध्ये गाडी फुल रेस करताना फ्लायव्हीलच्या रेषेत, म्हणजे बेलहाउसिंगच्या बाजूला, कुणालाही उभं राहू देऊ नका. पोरं मोबाईल घेऊन नेमकी तिथेच वाकतात.

ऑइल. ठोकताळा आहे की दर हजार आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे ७२०० ला साधारण ७० हवं, ऑइल गरम असताना. कमी येत असेल तर पंपाची झीज, रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि बेअरिंग क्लिअरन्स ह्या क्रमाने शोधा, नुसतं जाड ऑइल ओतून आकडा वर आणू नका. चांगलं सिंथेटिक १०डब्ल्यू-४० बहुतेक वेळा पुरतं, आपल्या उन्हाळ्यात सलग ट्रॅकवर १०डब्ल्यू-५०. ट्रॅकवर खरी भीती वेगळी आहे, लांब कोपऱ्यात ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो, दोन सेकंद पुरतात बेअरिंग जायला. म्हणून चेंबरमध्ये बॅफल वेल्ड करून घ्या, पत्र्याच्या दोन-तीन भिंती, काम छोटं आहे आणि माझ्या मते सगळ्या खर्चात सगळ्यात जास्त परतावा देणारं हेच. वेल्डिंगनंतर चेंबर आतून इतका साफ करा की पांढरा कपडा फिरवला तरी काळा होऊ नये. ऑइल डिपस्टिकच्या वर भरू नका, क्रँक त्यात घुसळून फेस करतो.

आता हेड. खालचा भाग तुटतो तेव्हा मोठा आवाज होतो, पण जास्त आरपीएमला आधी हार मानते ती व्हॉल्व्हची स्प्रिंग. कॅम पुढे निघून जातो आणि स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत परत बसवू शकत नाही, त्यालाच व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात, पॉवर एकदम पडते, इंजिन अडखळल्यासारखं वाटतं आणि वाईट नशीब असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतो. लाखभर किलोमीटर झालेल्या स्प्रिंगा थकलेल्या असतात. प्रत्येक स्प्रिंग टेस्टरवर घालून दोन उंचींना दाब मोजा, व्हॉल्व्ह बंद असतानाची उंची आणि पूर्ण उघडा असतानाची. नवीन जरा कडक स्प्रिंगा घाला, पण जरा. फार कडक घातल्या तर कॅम आणि व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर झिजतात आणि टायमिंग बेल्टवर नाहक भार येतो. पूर्ण उघड्या स्थितीत स्प्रिंगच्या कड्या एकमेकींना टेकायला निदान १ मिमी बाकी पाहिजे, मी १.५ ठेवतो, आणि वरची टोपी व्हॉल्व्हच्या सीलला टेकायला पण तेवढीच जागा. जाड वॉशर खाली घालून स्प्रिंग कडक करायची जुनी युक्ती इथेच घात करते, कड्या टेकतात आणि कॅम मोडतो. स्क्रूचे टॅपेट असतील तर मॅन्युअलचा गॅप थंड इंजिनावर नीट सेट करा. हायड्रॉलिक असतील तर फ्लोट झाल्यावर ते फुगून व्हॉल्व्ह बंदच होऊ देत नाहीत, तिथे आरपीएमची हद्द आणखी खाली ठेवा.

कॅम बदलणार असाल तर सौम्य घ्या. आपल्याकडे स्टॉक कॅम परत ग्राइंड करून देणारे आहेत, काम होतं, पण त्यात बेस सर्कल, म्हणजे कॅमचा गोल भाग, लहान होतं, त्यामुळे रॉकरचा कोन बदलतो आणि रॉकर व्हॉल्व्हच्या टोकावर मध्ये बसतोय का ते मार्कर लावून फिरवून बघावं लागतं. मोठ्या कॅमने आयडलिंग बिघडतं, खालचा टॉर्क जातो आणि ७२०० साठी त्याची गरज पण नसते. कॅम कुठलाही असो, हेडचा तळ घासून कमी केला (एमएम मारला) असेल किंवा पिस्टन बदलले असतील तर पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागा मोजल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. पिस्टनवर लहान मुलांची खेळायची माती पसरा, थोडं ऑइल लावा, हेड जुन्या गॅस्केटवर बसवून आवळा, बेल्ट टायमिंगला लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, कुठे अडलं तर जोर लावू नका. मग हेड काढून माती ब्लेडने कापून जाडी मोजा. इनटेकला निदान २ मिमी, एक्झॉस्टला २.५, कारण फ्लोटमध्ये पिस्टन एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्याच मागे लागतो. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप तिन्ही नवीन, ह्यावर चर्चा नको.

श्वासाचं काम म्हणजे पोर्ट चकचकीत करणं नव्हे. व्हॉल्व्ह सीट तीन कोनात नीट कापून घेतली, सीटच्या मागची धार काढली आणि गॅस्केट-पोर्टची पायरी जुळवली की अर्ध्याहून जास्त फायदा तिथेच मिळतो. पोर्ट मोठा केला की हवा मंदावते. एक्झॉस्टला चार-दोन-एक हेडर, म्हणजे चार नळ्यांच्या दोन आणि दोनांची एक होणारा, ठेवा, रॅलीला मधला टॉर्क लागतोच. वाचवता येतील तेवढे पैसे इथे वाचवा आणि खाली बोल्ट-बॅलन्सिंगला घाला.

स्पार्क आणि पेट्रोलकडे वेळेच्या नजरेने बघा. ७२०० ला एक फेरा ८.३ मिलीसेकंदात होतो. डिस्ट्रिब्युटर आणि एकच कॉइल असेल तर तिला सेकंदाला २४० वेळा ठिणगी द्यायची असते, म्हणजे चार्ज व्हायला आणि सुटायला मिळून जेमतेम ४ मिलीसेकंद, जुनी कॉइल तिथे कमी पडते आणि लोकांना वाटतं पेट्रोल कमी पडतंय. इंजेक्टरला दोन फेऱ्यांत एकदा काम, म्हणजे १६.७ मिलीसेकंद, त्यातलं ८५ टक्के म्हणजे १४ च्या वर तो उघडा राहायला लागला तर मोठा इंजेक्टर घ्या. मिश्रण बघायला वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) लावा आणि आकडा लॅम्डामध्ये (१ म्हणजे नेमकं पेट्रोल, त्याच्या खाली म्हणजे जास्त पेट्रोल) वाचा, पेट्रोल-हवेच्या १४.७ वाल्या आकड्यात नको, कारण आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई२० मिळतं आणि त्याचं गणित १३.५ च्या आसपास येतं. फुल थ्रॉटलला ०.८६ ते ०.८८ लॅम्डा ही सुरक्षित जागा. जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या ई२० ने फुगतात, तडकतात, त्या पण ह्याच वेळी बदला आणि ड्रायव्हरच्या हाताला येईल असा फायर एक्स्टिंग्विशर बसवा. अल्टरनेटर विसरू नका, त्याची पुली छोटी असते, क्रँकच्या दोन-सव्वादोन पट फिरतो म्हणजे ७२०० ला १६ हजारांच्या आसपास, बेअरिंग जुने असतील तर ते बोलायला लागतील.

लिमिटर आत्ता येतो. इंजिन बांधून झालं की पहिले हजार किलोमीटर, किंवा ट्रॅकची गाडी असेल तर डायनोवर तेवढं हळूहळू काम, ४००० च्या आत. ऑइल-फिल्टर बदला. मग लिमिटर आधी स्टॉकच्याच जागेवर ठेवून चालवा, ठीक वाटलं तर २५० ने वर, परत डायनो, परत ग्राफ. ग्राफमध्ये पॉवर पडायला लागली की तिथून ३००-४०० पुढे थांबा, त्याच्यापुढे लिमिटर नेण्यात काही नाही, भले तो ७२०० च्या खाली आला तरी. लिमिटर पेट्रोल तोडणारा असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीला बरं, नुसता स्पार्क तोडणारा असेल तर न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन तिथे पेटतं.

आणि हे ड्रायव्हरला समोर बसवून सांगा, लिमिटर फक्त इंजिन स्वतः वर जात असेल तेव्हा थांबवतो. पाचव्यातून चौथा टाकताना चुकून दुसरा पडला तर चाकंच इंजिनाला फिरवतात, ४५०० वरून ते एका झटक्यात नऊ हजारांच्या पुढे जातं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, काही करू शकत नाही. गिअर लिव्हरचे बुश आणि इंजिन माउंटिंग ढिले असतील तर ही चूक चांगल्या ड्रायव्हरकडूनही होते, म्हणून ती दोन्ही नवीन टाका, खर्च अगदी थोडा आहे. असं कधी झालंच तर गाडी तिथेच बाजूला घ्या, सेशन सोडा, कॉम्प्रेशन तपासा आणि रॉड बोल्ट बदलल्याशिवाय परत ट्रॅकवर जाऊ नका, गाडी कितीही गोड चालत असली तरी.

गाडी वापरतानाचं एवढंच, पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही, ऑइल मागून येतं, त्यामुळे ऑइलचं तापमान ७०-८० अंश होईपर्यंत ३००० च्या वर जायचं नाही. प्रत्येक ट्रॅक दिवसानंतर फिल्टर काढून त्याचा डबा कापा, आतला कागद पसरून उन्हात धरा. बारीक राखाडी धूळ चालते. नखावर चमकणारे कण दिसले तर चुंबक लावा, चिकटले तर लोखंड, म्हणजे कॅम-रॉकर किंवा रिंगा, नाही चिकटले तर बेअरिंग, आणि मग चेंबर त्याच संध्याकाळी उतरवायचा, पुढच्या रविवारपर्यंत वाट बघायची नाही.